काष्ठमौन

"काकू, हो किंवा नाही, एवढंच सांगायचंय," भिंगारदिवे म्हणाले. "दोन्हीपैकी काहीही चालेल मला."

मी मेंदीच्या कुंपणाशी उभी होते. हातात परडी, परडीत तगर आणि दूर्वा. समोर नगरपालिकेचे इंजिनिअर भिंगारदिवे, काखेत फाइल, बोटाला अडकवलेली मोजायची टेप. कुंपणाच्या पलीकडे कुंदा शेवाळे, माझी शेजारीण, पिठाचे हात तसेच ठेवून मनगटाने पदर सावरत उभी.

"वहिनी, आवो बोला की!" कुंदा म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली. "न्हाई साहेब, त्यांचं मौन असतंय. बारापातुर."

"मग मान हलवू देत."

"मान पण हलवत न्हाईत."

"म्हणजे?"

"काष्ठमौन म्हणत्यात त्याला. लाकूड. आता लाकूड मान हलवतंय का?"

भिंगारदिवेंनी माझ्याकडे बघितलं. मग घड्याळाकडे. दहा वाजून गेले होते.

हे व्रत माझ्या आईचं. सूर्य उगवल्यापासून रामाच्या देवळात महानैवेद्याची घंटा होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. नुसतं तेवढंच असतं तर सोपं होतं. आई म्हणायची, मान हलवली की बोललीसच, भुवई उचलली की बोललीसच, पाटीवर लिहून दाखवलंस तर दोनदा बोललीस. मनातली हो-नाही सकाळभर देवापुढे ठेवायची, माणसांपुढे नाही. तिने हे शेवटपर्यंत पाळलं आणि तिच्या मागे मी उचललं. एकदा भाजून हातावर फोड आला तरी मी हूं केलं नव्हतं. याचा मला थोडा अभिमानही होता, खोटं कशाला सांगू.

पण त्या दिवशी दोनच शब्द बोलायचे होते. 'संमती आहे.' एवढंच म्हणायचं होतं मला.

गोष्ट साधी होती. कुंदाचे यजमान साखर कारखान्यात होते. रात्रपाळीहून आले, पाय धुतले आणि ओट्यावरच बसल्या जागी गेले. त्यानंतर दोन वर्षं कुंदाने लोकांच्या घरी पोळ्या लाटल्या. त्या जूनमध्ये गावाबाहेर इंजिनिअरिंग कॉलेज सुरू होणार होतं, आणि कुंदाने ठरवलं की घरातच खानावळ काढायची. मोठी पातेली आणली, पुढच्या खोलीत बाकं मांडली. पोरी, म्हणजे तिच्या दोघी मुली, पाटी रंगवून बसल्या. परवान्याचा अर्ज केला आणि तिथं नियम आडवा आला.

आमची शिक्षक कॉलनी राहण्याची जागा म्हणून मंजूर झालेली. तिथे धंदा काढायचा तर पुढच्या बाजूला कंपाउंड अडीच फुटांच्या वर भरीव नको, जाळीच हवी. आणि शेजारच्या राहत्या घराच्या बाजूला मात्र सहा फूट सलग भिंत हवीच. झाडाझुडपांचं कुंपण चालायचं नाही. कुंदा म्हणायची, "पुढं बांधली तर पाडा म्हणतील, बाजूला न्हाई बांधली तर परवाना न्हाई म्हणतील. भिंतीलाच बिचारीला कळंना कुठं उभं ऱ्हावं."

आमच्या दोन घरांत मेंदी होती. कुंदाच्या स्वयंपाकघराची भिंत आणि ती मेंदी यात जेमतेम एका बाईने परात घेऊन जावं एवढीच वाट. तिथे पाया खणून भिंत घातली असती तर भांडी घासायची मोरी गेली असती, आणि मोरीशिवाय खानावळ कसली? शिवाय भिंतीला लागणारे सगळे पैसे तिने पातेल्यांत घातले होते. कॉलेज उघडायला थोडेच दिवस होते. पोरं एकदा दुसऱ्या खानावळीला लागली की वर्ष गेलं.

नियमात एक सूट होती. शेजारच्या प्लॉटच्या मालकाने अधिकाऱ्यासमोर, जागेवर उभं राहून, तोंडाने संमती दिली की भिंतीची सक्ती नाही. आणि आमचा प्लॉट माझ्या नावावर होता. माझ्या वडिलांनी घेऊन दिलेला.

म्हणजे सगळं माझ्या एका वाक्यावर आलेलं.

"साहेब, बारापातुर थांबा," कुंदा म्हणाली. "च्या करते. पोहे करते. कांदा टाकून करू का बिनकांद्याचे?"

"बाराला मला बाजारपेठेत गाळे बघायचेत." त्यांनी टोपण काढलं. पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं, जरा विचित्रच. "सरांना माहीत होतं ना मी येणार ते?"

"व्हय की. सरांनीच तर तुम्हाला सांगितलं."

"हं," ते म्हणाले आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. "समोर उभ्या आहेत, विचारलं, हो म्हणाल्या नाहीत. माझ्या बाजूने संमती नाही असंच धरावं लागतं, ताई. माफ करा."

मोटारसायकल गेली. कुंदा मेंदीपलीकडे तशीच उभी. तिच्या हातावरचं पीठ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. मला वाटलं, ती आता ओरडेल. ती ओरडली नाही.

"देवाला मुकी माणसं आवडत्यात वाटतं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

घंटा झाल्या झाल्या मी मेंदीतल्या फटीतून तिच्या मागल्या दारी गेले. "कुंदा, मी आत्ता येते तुझ्याबरोबर नगरपालिकेत. आत्ता सांगते."

"आता बोलता व्हय?" ती म्हणाली. पण तिने चपला घातल्या.

नगरपालिकेतला कारकून जेवण करून दात कोरत बसला होता. मी माझं नाव, प्लॉट नंबर सांगितला. म्हटलं, "माझी पूर्ण संमती आहे. कुंपण राहू द्या."

"इथे नाही चालत, काकू. जागेवर द्यायची."

"पण मालक मीच आहे. मी समोर उभी आहे तुमच्या."

"तुम्ही उभ्या आहात, पण प्लॉट कुठे उभाय इथं?" शेजारचा एकजण हसला. कारकून मात्र अगदी समजावून सांगत होता. "काय होतं, लोक इथे येऊन हो म्हणतात आणि तिकडे हद्दीवरून भांडतात. म्हणून साहेबांना जागेवर जाऊन, हद्द दाखवून विचारायचा नियम केलाय. पुन्हा पाहणी एकदाच मिळते. अर्ज करा. नंतर मग भिंतच."

"पाहणी दुपारी ठेवता येईल का?"

"ते भिंगारदिवे साहेबांना विचारा."

"कुठे आहेत?"

"पाहणीला."

कुंदाला हसू फुटलं. रडण्याच्या अगदी कडेला असताना फुटतं तसं. बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्या त्या रामाला सांगा की जरा लवकर जेवायला."

जेवताना मी माझ्या यजमानांना सगळं सांगितलं. गावात त्यांना सगळे सर म्हणत. मीही म्हणे. हायस्कुलाचे मुख्याध्यापक म्हणून ते निवृत्त झाले होते. अर्धा गाव त्यांचा विद्यार्थी, भिंगारदिवेसुद्धा. म्हणूनच पहिल्या पाहणीची वेळ ठरवायला तेच गेले होते.

"अगं, असं कसं केलं त्याने!" त्यांनी घास खाली ठेवला. "मी त्याला बारानंतर ये म्हणून बजावलं होतं. पहिल्यापासून धांदरट. दहावीला भूमितीत दोनदा बसला."

"कुंदाचं फार वाईट झालं हो."

"होईल काहीतरी. मी जातो पुन्हा. तू व्रत मात्र मोडू नकोस हं, या असल्या गोष्टींसाठी." त्यांनी माझ्या पानात तूप वाढलं. "या घरातलं पुण्य तू मिळवतेस, मी नुसता खातो."

असं ते चारचौघांतही म्हणायचे. मला संकोच व्हायचा आणि बरंही वाटायचं. कुंदालाही ते संध्याकाळी ओट्यावरून म्हणाले, "कुंदाताई, काळजी करू नका. आम्ही आहोत ना. तुमच्या हातची आमटी खाऊनच पोरं इंजिनिअर होणार."

"सर, वेळ तेवढी दुपारची घ्या," कुंदा म्हणाली.

"तेच तर सांगायला चाललोय."

दुसऱ्या दिवशी परत आले ते खुशीत. म्हणाले, "गुरुवारी. चारला येईल. आता निश्चिंत राहा."

बुधवारी कुंदाने मला पन्नासदा विचारलं असेल, "चारच ना? बारा-चार असं काही घोटाळलं न्हाई ना?" तिने पोरींना मेंदी वरून सारखी कापायला लावली. साहेबाला हद्द सरळ दिसली पाहिजे. दोन कॉलेजची पोरं विचारायला येऊन गेली होती, त्यांना तिने शुक्रवारी नक्की सांगते म्हणून थोपवलं होतं. शनिवारपर्यंत थांबायला ती तयार नव्हती आणि पोरंही नसणार.

गुरुवारी सकाळी सर वाचनालयात गेले. मी पूजा आटोपून अंगणात वाती वळत बसले होते, आणि मोटारसायकलचा आवाज आला.

दहाच वाजले होते.

भिंगारदिवे फाटकातून आत आले. तीच फाइल, तीच टेप. कुंदा मागल्या दारातून जवळजवळ धावतच आली. मला बघितलं, साहेबांना बघितलं, आणि तिथेच खांबाला धरून थांबली. तिच्या चेहऱ्यावरून सगळं उतरून गेलं.

"चारला येणार होता ना, साहेब?"

"चार? नाही बुवा. दहाचंच ठरलं होतं." त्यांनी मला नमस्कार केला. "काकू, ही शेवटची पाहणी. ही इकडची कड, ती तिकडची. या दोन्हींच्या मध्ये शेवाळेबाईंनी भिंत न बांधता मेंदीच ठेवली तर तुमची संमती आहे का?"

मी हातातली वात धरून बसले होते. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला, खोटं नाही. वाटलं, बाई गं, तूच काय ते सांग. ती बोलली नाही. सकाळची वेळ होती, ती कशी बोलेल?

भिंगारदिवे थांबले. भला माणूस. बराच वेळ थांबले.

मग कुंदाच पुढे आली. मेंदीच्या अगदी जवळ. "लिहा, साहेब. संमती न्हाई म्हणून लिहा. मी बांधते भिंत."

"अहो, पण..."

"न्हाई, लिहाच तुम्ही. एवढ्या वर्सांचं व्रत मोडायला लावून मला पोरांच्या ताटात अन्न वाढायचं न्हाई. गिळवणार न्हाई मला. कुठनं तरी करीन. एक वर्ष गेलं तर गेलं." तिने नाक ओढलं. "वहिनी, तुम्ही वाती वळा. राग न्हाई माझा."

साहेबांनी टोपण काढलं.

"थांबा," मी म्हणाले.

आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. सकाळच्या वेळी मी तो किती वर्षांत ऐकलाच नव्हता. जाड, खरखरीत, पितळेच्या भांड्यात खडा पडावा तसा.

"थांबा, भिंगारदिवे. प्लॉट माझ्या नावावर आहे. हद्द मला मान्य आहे. मेंदी राहू दे. माझी संमती आहे."

कुंदाने पदर तोंडावर दाबला. तिची धाकटी पोर घरातून "आई, काकू बोलल्या!" म्हणून ओरडली, जसं काही देव्हाऱ्यातली मूर्ती बोलली.

भिंगारदिवे मात्र आनंदले नाहीत. गोंधळले. टोपण हातातच राहिलं.

"नक्की ना, काकू? म्हणजे, माझ्यासमोर संकोचून नका सांगू. शेजारधर्माने वगैरे."

"संकोच कसला?"

"नाही, दुसऱ्यांदा वेळ ठरवताना सर म्हणाले होते..." ते थांबले. मग बहुतेक आपण काही वावगं बोलत नाही असं वाटून त्यांनी पुढे सांगितलं. "सर म्हणाले, तिला मनातून ही खानावळ नकोय. पण शेजारणीच्या तोंडावर नाही म्हणवत नाही. स्वभावच मऊ. म्हणून तू आपला दहाला जा, म्हणजे तिला नाही म्हणायची वेळ येणार नाही आणि काम होऊन जाईल. दोन्ही वेळा दहाच सांगितलं त्यांनी. आजच्यासाठी तर मी स्वतः चार म्हणत होतो. मी आपलं तुमच्यासाठीच केलं, काकू."

कुंदाचंही त्या वेळी मौनच झालं.

"लिहा," मी म्हणाले. "संमती आहे म्हणून लिहा आणि कुठे सही करायची ते दाखवा."

मी सही केली.

ते गेल्यावर कुंदा फटीतून आत आली आणि माझ्याजवळ बसली. तिने दोन-तीन वाती वळल्या. वाकड्यातिकड्या. मग म्हणाली, "सरांना काही बोलू नका, वहिनी. मोठा माणूस हाय. आन पोरांचा कालवा कुणाला आवडतोय?" तिला माझं कौतुक करायचं नव्हतं आणि त्यांना नावं ठेवायची नव्हती. मध्येच "मी बटाटे टाकून आले चुलीवर" म्हणून ती उठली.

मी एकटी उरले. बारा वाजायचे होते, पण आता बारा वाजण्याला काही अर्थ नव्हता.

आणि त्या रिकाम्या वेळात एकेक आठवायला लागलं. आमच्या मुलीला, सुधाला, सायन्सला जायचं होतं. तिला डी.एड.ला घालतोय, हे सरांनी मला सांगितलं तेव्हा मी देवाची उपकरणी घासत होते. दुपारी मी बोलू शकले तोवर प्रवेश घेऊन झाला होता. बहिणीने दिवाळीला बोलावलं होतं, 'यंदा येत नाही' हे पत्र टाकलंय, हे कळलं ते मी रांगोळी काढताना. घराचा मागचा सोपा भाड्याने दिला, तेव्हाही सकाळच. माझ्याजवळ पाट ओढून ते बसायचे, शांतपणे सगळं सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, "तुझी काही हरकत नसेलच." मी लाकूड. लाकडाची हरकत कसली? मला वाटायचं, इतर घरांतले पुरुष बायकांना काही सांगतसुद्धा नाहीत. माझे सगळं सांगतात.

तेवढ्यात फाटक वाजलं. सर आले. काखेत पुस्तक, चेहरा चांगला उजळलेला. माझ्याकडे बघत चपला काढल्या.

"आला होता का भिंगारदिवे?" ते म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता पाट ओढून बसले. "मला वाटतच होतं. हा मुलगा चारचा दहाला येणार. असो. तू मनाला लावून घेऊ नकोस. देवाची इच्छा म्हणायचं. खरं सांगू का, भिंत होईल तेच बरं. त्या मोटारसायकली, ती पोरं, रेडिओ. तुझ्या जपालासुद्धा..."

"भिंत होणार नाही," मी म्हणाले.

त्यांचा हात पुस्तकावरच राहिला. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं नाही. आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"बारा वाजले?"

"नाही. पावणेअकरा."

"मग तू..." त्यांचा आवाज घसरला. "अगं, व्रत!"

"मोडलं."

"कुणासाठी? त्या खानावळीसाठी? आईंचं व्रत?" आता ते उभे राहिले होते. "इतकी वर्षं सांभाळलेलं. मी जपलं ते. सकाळी घरात मोठ्याने बोलू दिलं नाही कुणाला. पाहुणे आले तर दारातून परत पाठवले. तुझ्यासाठी. आणि तू..."

"भिंगारदिवेंनी सगळं सांगितलं," मी म्हणाले. हळूच म्हणाले. मला मोठ्याने बोलता येतच नाही.

ते पुन्हा पाटावर बसले. म्हणाले, "मी तुझ्या भल्यासाठीच केलं."

"असेल. मग दुपारी विचारायचं होतं."

ते आत जाऊन कॉटवर पडले, भिंतीकडे तोंड करून. मी स्वयंपाकाला लागले. वरण-भात होईपर्यंत देवळात घंटा झाली, आणि सवयीने मी हात जोडले.

मेंदी राहिली. कुंदाला परवाना मिळाला आणि कॉलेजची पोरं शुक्रवारीच येऊन नावं सांगून गेली. पुढची कितीतरी वर्षं आमच्या अंगणात फोडणीचा वास आणि पोरांचा दंगा दोन्ही येत राहिले. सरांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, त्रास होता. एकाने आमच्या फाटकाला मोटारसायकल धडकवली. मी त्याला बोलले, कुंदाने त्याला झोडपलं.

मोडलेल्या व्रताचं काय करायचं ते विचारायला मी देवळातल्या गुरुजींकडे गेले होते. त्यांनी उद्यापन कर म्हणून सांगितलं. त्यानंतरच्या द्वादशीला केलं. स्वयंपाक कुंदाने केला, बिनकांद्याचा. गुरुजी म्हणाले, "आता पुन्हा सुरू करायला हरकत नाही, बाई. सूर्योदयापासून घंटेपर्यंत. जसं होतं तसं."

मी मान हलवली. पण तसं सुरू केलं नाही. मौन मी पुन्हा धरलं ते दिवेलागणीपासून झोपेपर्यंत. काष्ठमौनच, अगदी आईच्या नियमाने. घरात काही ठरत नाही ती वेळ.

उद्यापनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी निर्माल्य काढत होते. सर पेपर घेऊन आले, सवयीने पाट ओढला, बसले. घसा साफ केला.

"मी काय म्हणत होतो," ते म्हणाले, आणि मध्येच थांबले.

मी परडी खाली ठेवली, हात पुसले आणि त्यांच्या समोर बसले.

"म्हणा ना," मी म्हणाले. "ऐकतेय मी. मग मीही बोलेन."